झोप वेगळी, शीतनिद्रा वेगळी

जानेवारीत थंडीची लाट आली की ग्वाल्हेरचा पारा पाच अंशांखालीही जातो. मोहरीच्या शेतातल्या बिळात उंदीर गारठून मरत नाही का, असं तिथल्या लश्कर भागातलं एखादं पोर विचारतं आणि घरातलं कुणीतरी सांगून टाकतं, "अरे, तो थंडीभर झोपलेला असतो." मुलांना असं सांगू नये. आपल्याकडचा उंदीर थंडीभर झोपत नाही, आणि जे प्राणी महिनोन् महिने बिळात पडून असतात, तेही त्या काळात बहुतेक वेळ झोपलेले नसतात.

आपल्या शेतांतला जर्बिल हा उंदीर घ्या. लांब शेपूट, टोकाला काळ्या केसांचा झुबका. हा दिवसा झोपतो आणि रात्री दाणे शोधायला निघतो, जानेवारीतसुद्धा. झोपेत अंगाची ऊब थोडीशीच उतरते, खुट्ट झालं की तो जागा. बाकी सांभाळते माती. हात-दीड हात खाली दिवसरात्रीचा फरक जवळजवळ पोचतच नाही, त्यामुळे मे महिन्यात वर ४५ अंश असले तरी बीळ पुष्कळ गार असतं. बिळाची तोंडं तो मातीने बुजवतो, म्हणजे आतली ओल आतच राहते.

लडाखच्या मार्मोटची, म्हणजे खारीच्या कुळातल्या एका मोठ्या प्राण्याची, गोष्ट निराळी. तो कुटुंबासकट बिळात शिरतो, तोंड बंद करतो आणि शरीर थंड होऊ देतो. या शीतनिद्रेत शरीराचा ऊर्जेचा खर्च नेहमीच्या काही टक्क्यांवर येतो. याच्याच नात्यातल्या आर्क्टिक जमीनखारीचं तापमान तर उणे २.९ अंशांपर्यंत उतरलेलं मोजलं आहे, तरी रक्त गोठत नाही. अशा प्राण्याला हलवलं तरी तो लगेच उठत नाही. पुन्हा गरम व्हायला काही तास लागतात.

मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते पुढचं. दर एक-दोन आठवड्यांनी, कधी तीन, या खारी आपणहून पूर्ण गरम होतात. आधी तपकिरी चरबी (ऊब देणारी खास चरबी) जाळून, मग कुडकुडून. हिवाळ्यासाठी साठवलेल्या चरबीचा मोठा भाग या थोड्याशा तासांतच संपतो. १९९१ साली आर्क्टिक जमीनखारींच्या मेंदूतल्या लहरींची नोंद प्रसिद्ध झाली. ऊब आल्यावर त्या बराच वेळ चक्क गाढ झोपत होत्या! असं का, यावर शास्त्रज्ञांत अजून एकमत नाही.

म्हणून हिवाळ्यात असं बीळ उकरणं फार वाईट. झोपमोड झालेला जर्बिल पुन्हा झोपेल, पण शीतनिद्रेतून अवेळी उठवलेला प्राणी वसंतापर्यंत पुरवायची चरबी तिथेच जाळून बसतो.