कॉर्नी केगची स्वच्छता

घरी बिअर बनवणारे लोक तयार बिअर स्टीलच्या ज्या उभट पिंपात भरतात, कार्बन डायऑक्साइड देऊन फसफसती करतात आणि तोटीने ग्लासात घेतात, ते पिंप म्हणजे कॉर्नी केग. केग, त्याच्या गॅसच्या आणि बिअरच्या नळ्या, तोटी आणि गॅस विरघळवणारा सच्छिद्र ‘स्टोन’ हे सगळे धुऊन सॅनिटाइझ करण्याची पद्धत या नोंदीत दिली आहे. बार्लीच्या मोडांचा गोड काढा, म्हणजे वर्ट, चांगला तासभर उकळतो, त्यामुळे त्याआधी भांड्यात काय होते याची फारशी चिंता नसते. उकळी संपली की मात्र हे संरक्षण जाते. केगमध्ये गेलेली बिअर तर पिईपर्यंत पुन्हा कधीच तापत नाही. तिथे शिरलेला जंतू महिनोन्महिने तिथेच राहतो.

हे पिंप मुळात बिअरसाठी बनलेले नाही. अमेरिकेतल्या कॉर्नेलियस कंपनीच्या नावावरून ओळखली जाणारी ही ५ गॅलनची, म्हणजे सुमारे १९ लिटरची पिंपे शीतपेयांच्या दुकानांसाठी होती. नळी अडकवायच्या जोडाच्या पद्धतीवरून त्यांचे दोन प्रकार: पेप्सीची ‘बॉल लॉक’, कोका-कोलाची ‘पिन लॉक’. पुढे शीतपेयांचा पाक खोक्यातल्या प्लास्टिकच्या पिशवीतून येऊ लागला आणि ही पिंपे भंगारात निघाली. दरम्यान अमेरिकेत घरगुती बिअरला संघराज्याच्या पातळीवर मुभा देणाऱ्या कायद्यावर अध्यक्ष जिमी कार्टर यांनी १९७८ मध्ये सही केली होती आणि १९७९ पासून तो लागू झाला होता. (ब्रिटनने घरगुती बिअरवरची परवान्याची अट १९६३ मध्येच काढली होती.) स्वस्तात मिळणारी ही पिंपे हौशी लोकांनी उचलली. जुन्या केगच्या स्टीलला वास राहत नाही, पण रबराला राहतो. रूट बिअर नावाच्या अमेरिकी शीतपेयाचा वास कितीही धुतला तरी रबरी रिंगांतून जात नाही. म्हणून वापरलेला केग घेतला की पाचही रिंगा बदलायच्या: झाकणाची एक मोठी, दोन पोस्टच्या (केगवरच्या, नळ्या जोडायच्या तोंडांच्या) दोन आणि आतल्या दोन नळ्यांच्या दोन. पाचही मिळून खर्च किरकोळ असतो. त्या वाचवण्यात काहीच अर्थ नाही.

धुणे वेगळे, सॅनिटाइझ करणे वेगळे

मराठीत ‘स्वच्छ’ म्हटले की दोन्ही आले असे आपण धरून चालतो. इथे ही दोन कामे अलग ठेवावी लागतात आणि त्यांचा क्रमही बदलता येत नाही. धुणे म्हणजे डोळ्यांना दिसणारा आणि बोटाला बुळबुळीत लागणारा थर काढणे: यीस्टचा साका, हॉप्सची (बिअरला कडूपणा आणि सुगंध देणाऱ्या फुलांची) राळ, प्रथिनांचा चिकटा. सॅनिटाइझ करणे म्हणजे धुतलेल्या पृष्ठभागावर उरलेले जंतू बिअरला धोका होणार नाही इतके कमी करणे. शस्त्रक्रियेच्या अवजारांसारखे पूर्ण निर्जंतुक करणे घरी साधत नाही आणि त्याची गरजही नसते. पण मळाच्या थराखाली सॅनिटायझर पोहोचतच नाही. जंतू स्वतःभोवती चिकट पापुद्रा तयार करतात आणि त्याच्या आड सुखरूप राहतात. न धुतलेल्या केगमध्ये कितीही महाग सॅनिटायझर ओतला तरी तो वाया जातो.

चांगल्या बिअरची आम्लता, अल्कोहोल आणि हॉप्सचा कडूपणा यांमुळे माणसाला आजारी पाडणारे जंतू तिच्यात सहसा वाढत नाहीत. बिघडते ती चव. लॅक्टोबॅसिलसने आंबटपणा येतो, पेडिओकॉकसने लोण्यासारखा वास, आणि हवा मिळाली तर ॲसिटोबॅक्टरने व्हिनेगर. जंगली यीस्ट उरलेली साखर खात राहते आणि बिअर नको इतकी फसफसते.

पोस्टच्या आत

केगला हात लावण्याआधी झाकणावरच्या सुरक्षा व्हॉल्व्हची कडी ओढून दाब पूर्ण सोडायचा. हा नियम कोणत्याही घाईत मोडायचा नाही. सर्व्ह करताना केगमध्ये साधारण १० ते १५ पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) दाब असतो. दाबाखालची पोस्ट पान्याने सैल केली तर ती गोळीसारखी उडू शकते.

वरच्या दोन पोस्टपैकी एक गॅसची, दुसरी बिअरची. बॉल लॉकच्या गॅस पोस्टच्या तळाशी बहुधा खाचा असतात. पिन लॉकमध्ये गॅसला दोन पिना आणि बिअरला तीन. पोस्ट उघडली की आत स्प्रिंगवर बसलेले छोटे पॉपेट, म्हणजे तोंड उघडझाप करणारी झडप, दिसते. आतून स्टील चकचकीत दिसणाऱ्या केगचेही हे पॉपेट काढून बघावे. स्प्रिंगच्या वेटोळ्यांत करडा-तपकिरी साका अडकलेला असतो आणि पॉपेटच्या रबरी कडेवर नखाने खरवडला तर निघेल असा मेणचट पट्टा. बिअरचा प्रत्येक घोट याच फटीतून जातो. केग नुसता गरम पाण्याने हिंदकळला तर इथपर्यंत काहीच पोहोचत नाही. बिअरची नळी लांब, थेट तळापर्यंत जाणारी आणि खाली किंचित वाकलेली असते. तिच्यातून लांब बारीक ब्रश आरपार काढायचा. गॅसची नळी आखूड. तिच्यात बिअर जात नाही या समजुतीने ती सोडून दिली जाते, पण केग हलवताना किंवा काठोकाठ भरताना फेस तिथेही चढतो.

धुण्यासाठी सर्वांत सोयीचे सोडियम परकार्बोनेट आणि मेटासिलिकेट असलेले अल्कधर्मी मिश्रण. ‘पीबीडब्ल्यू’ हे त्यातले नावाजलेले. गरम पाण्यात परकार्बोनेटमधून हायड्रोजन पेरॉक्साइड सुटते आणि सेंद्रिय मळ स्वतःहून सुटून येतो, घासावे फार लागत नाही. त्यातून ऑक्सिजन निघत राहतो, म्हणून हे द्रावण केगमध्ये कोंडून झाकण घट्ट लावायचे नाही. तारेची घासणी वर्ज्य, कारण तिच्या ओरखड्यांत पुढच्या वेळचा मळ बसतो. ब्लीचही स्टीलला चालत नाही. स्टीलवर क्रोमियम ऑक्साइडचा अदृश्य संरक्षक थर असतो आणि ब्लीचमधले क्लोराइड त्याला टोचे पाडते.

इतके करूनही काही महिन्यांनी तळाशी पांढुरका खरखरीत थर दिसतो. तो बिअरस्टोन, मुख्यतः कॅल्शियम ऑक्झलेट. अल्कधर्मी द्रावणाला तो बधत नाही, त्याला फॉस्फोरिक किंवा नायट्रिक आम्ल असलेला क्लीनर लागतो.

सॅनिटायझरमध्ये सध्या ‘स्टार सॅन’चा बोलबाला आहे, आणि तो रास्त आहे. फॉस्फोरिक आम्ल आणि फेस करणारे एक सल्फोनिक आम्ल हे त्याचे घटक. १९ लिटर पाण्याला सुमारे ३० मिली पुरते, एक-दोन मिनिटे पृष्ठभाग ओला राहिला की काम होते आणि नंतर पाण्याने विसळायचे नसते. नव्या माणसाचा हात इथेच अडतो, कारण फेस उरलेल्या भांड्यात काही ओतायला आपला जीव धजत नाही. पण योग्य प्रमाणात बनवलेल्या द्रावणाचा हा फेस बिअरला अपाय करत नाही, उलट विसळायच्या पाण्यातूनच नवे जंतू येऊ शकतात. द्रावणाचा पीएच ३ च्या वर गेला की ते निकामी. जड पाण्यात ते लवकर गढुळते, म्हणून आरओचे किंवा डिस्टिल्ड पाणी बरे. आयोडोफोर हा दुसरा पर्याय. १२.५ पीपीएमला तो पुरेसा असतो, पण प्लास्टिकच्या नळ्या पिवळ्या पाडतो.

सगळ्यांत सुंदर युक्ती याच द्रावणाची आहे. केग सॅनिटायझरने काठोकाठ भरायचा, झाकण लावायचे आणि गॅसच्या दाबाने सगळे द्रावण बिअरच्या पोस्टमधून बाहेर ढकलायचे. पॉपेट, लांब नळी, बिअर लाइन, तोटी हे सगळे आतून भिजते आणि रिकाम्या झालेल्या केगमध्ये हवेऐवजी फक्त कार्बन डायऑक्साइड उरतो. ताज्या हॉप्सचा सुगंध ऑक्सिजनने फार लवकर मरतो. जंतू आणि ऑक्सिजन या दोन्हींचा बंदोबस्त एका हाताने होतो.

लाइन, तोटी आणि स्टोन

व्यावसायिक बारसाठी अमेरिकेतल्या ब्रूअर्स असोसिएशनची शिफारस अशी: दर १४ दिवसांनी लाइनमधून अल्कधर्मी द्रावण फिरवायचे, तोट्या खोलून हाताने धुवायच्या आणि दर तीन महिन्यांनी आम्ल वापरायचे. घरी निदान प्रत्येक केग संपल्यावर एवढे करावे. गॅस लाइनकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. केगमधला दाब रेग्युलेटरवर (सिलिंडरच्या गॅसचा दाब ठरवणाऱ्या उपकरणावर) लावलेल्या दाबापेक्षा वाढला की बिअर उलटी गॅसच्या नळीत शिरते आणि तिथे गुपचूप आंबते. एकदिशा व्हॉल्व्ह बसवला की हे टळते.

कार्बोनेशन स्टोन नावालाच दगड. स्टीलची भुकटी भाजून घट्ट केलेला तो तुकडा असतो, छिद्रे साधारण ०.५ किंवा २ मायक्रॉनची. गॅस त्यातून इतक्या बारीक बुडबुड्यांनी निघतो की तो झटपट विरघळतो. तितकाच हा तुकडा नाजूक. उघड्या बोटांनी धरला तर त्वचेचे तेल छिद्रांत बसते, म्हणून तो नळीच्या टोकाने किंवा स्वच्छ हातमोज्याने उचलायचा. बिअरमधून काढतानाही गॅस चालू ठेवायचा, म्हणजे बिअर आत शोषली जात नाही. मग लगेच गरम अल्कधर्मी द्रावणात, गॅस सोडतच भिजवायचा, स्वच्छ पाण्याने तसाच धुवायचा आणि शेवटी दहा-पंधरा मिनिटे उकळायचा. आतल्या भेगांत उष्णता पोहोचते, ब्रश पोहोचत नाही. वाळल्यावर पाण्यात बुडवून गॅस दिला असता बुडबुडे सगळीकडून सारखे यायला हवेत. एकाच बाजूने मोठे बुडबुडे येत असतील तर बाकीची छिद्रे बुजली आहेत.

कॉस्टिक सोडा वापरणाऱ्यांनी एक गोष्ट कधीही विसरू नये. सोडियम हायड्रॉक्साइड कार्बन डायऑक्साइड शोषून त्याचे कार्बोनेट करते. बंद भांड्यात गॅस असताना कॉस्टिक सोडले तर आत पोकळी तयार होते. मोठ्या ब्रूअरींच्या टाक्या यामुळे चेपून आत गेल्या आहेत. आधी गॅस बाहेर काढून हवा खेळवायची, मगच कॉस्टिक. चष्मा आणि हातमोजे हवेतच.

महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य बनवायला महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार मनाई आहे, त्यामुळे घरगुती बिअरचा छंद परदेशी स्थायिक झालेल्या मराठी माणसांनाच मोकळेपणाने करता येतो. पण हाच केग सोड्याला किंवा कोकम-लिंबाच्या फसफसत्या सरबताला चालतो. सरबतात साखर भरपूर आणि बिअरचा कडूपणा व अल्कोहोल नाही, म्हणजे स्वच्छतेची गरज वाढतेच. ब्रिटिश अभियंता हायरम कॉड याची गोटीची बाटली, आपली गोटी सोड्याची, १८७० च्या दशकातली. तिच्याही गळ्यातली रबरी रिंग हीच धुण्याची अवघड जागा आहे.

धुतलेला केग उघडा वाळत ठेवण्यापेक्षा त्यात कपभर सॅनिटायझर ठेवून झाकण लावावे आणि थोडा गॅस भरून ठेवावा. महिन्याभराने कडी ओढल्यावर जोरात फुस्स झाले तर रिंगा धड आहेत आणि बाहेरची हवा आत आलेली नाही. आवाज आला नाही तर झाकणाची रिंग काढून बोटाने चाचपायची, भेग किंवा चपटा भाग लागेल तिथे गळती आहे.