आईची किडनीसुद्धा परकीच

किडनी प्रत्यारोपण झालेला माणूस तपासणीला येतो तेव्हा सकाळची कॅप्सूल न घेता, खिशात ठेवून येतो. आधी रक्त द्यायचं, कोपरात कापूस दाबून धरायचा आणि मगच पाण्याची बाटली उघडायची. रात्री घेतलेलं टॅक्रोलिमस, म्हणजे शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून दिलेलं औषध, बारा तासांनी रक्तात किती उरलंय, ते पुढची गोळी पोटात जाण्याआधीच मोजावं लागतं. गोळी घेऊन रक्त दिलं तर आकडा फुगतो, आणि त्या फसव्या आकड्यावर डोस उगाच कमी होऊ शकतो. पेशंट याला नुसतं ‘लेव्हल’ म्हणतात. मोजमाप नॅनोग्रॅमचं, म्हणजे ग्रॅमच्या अब्जाव्या भागाचं.

एवढी काटेकोर मोजणी कशासाठी? आईने किडनी दिली तरी मुलाच्या शरीराला ती पूर्ण आपली वाटत नाही. मुलात आईची निम्मीच जनुकं असतात. उरलेल्या निम्म्यांची खूण त्याच्या टी पेशींना, म्हणजे परक्याला ओळखून हल्ला करणाऱ्या पांढऱ्या पेशींना, अनोळखी. 23 डिसेंबर 1954 ला बोस्टनमध्ये डॉ. जोसेफ मरे यांनी केलेलं प्रत्यारोपण औषधांशिवाय टिकलं, कारण देणारा आणि घेणारा एकसारखे जुळे भाऊ होते. असा जुळा भाऊ कितीजणांच्या नशिबी असणार?

टी पेशीने परकं काही ओळखलं की तिच्या आत कॅल्सिन्युरिन नावाचं विकर जागं होतं, इंटरल्युकिन-2 हा पेशींना वाढायला सांगणारा निरोप तयार होतो आणि पेशींची फौज वाढू लागते. टॅक्रोलिमस या विकरालाच अडवून धरतं. पेशीला परका दिसतो, पण कुमक बोलावता येत नाही. हे औषध सापडलं जपानमधल्या त्सुकुबा डोंगराच्या मातीतल्या जिवाणूत, 1984 साली. त्याआधीचं अशाच कामाचं औषध सायक्लोस्पोरिनही मातीतल्याच एका बुरशीचं देणं.

औषध कमी पडलं तर शरीर किडनी नाकारतं. जास्त झालं तर हात थरथरतात, साखर वाढते, जंतुसंसर्ग गाठतो आणि जिला वाचवायचं त्या किडनीलाच इजा होते. त्यात नाकारण्याची सुरुवात बऱ्याचदा मुकी असते. दुखत नाही, लघवीही नीट होते, फक्त रिपोर्टात क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने रक्तातून गाळून टाकायचा टाकाऊ पदार्थ, चढलेलं दिसतं. म्हणून ‘आता बरं वाटतंय, कशाला रोज गोळ्या’ हा विचार मला सगळ्यात घातक वाटतो. बरं वाटतंय ते त्या गोळ्यांमुळेच.

आपल्या घरांत आणखी एक धोका प्रेमाने येतो. ताकद यावी म्हणून कुणीतरी गुळवेलीचा काढा आणून देतं. प्रतिकारशक्ती वाढवायला म्हणून दिलेली वस्तू इथे उलटी पडू शकते, कारण औषधांची सगळी धडपड तीच शक्ती आवरण्याची आहे. पपनसासारखं साधं फळही रक्तातली लेव्हल चढवतं. बुरशीवरचं फ्लुकोनाझोलही तेच करतं, तर टीबीवरचं रिफाम्पिसिन ती धाडकन खाली आणतं. त्यामुळे दाताच्या डॉक्टरलाही प्रत्यारोपणाचं आधी सांगायचं. दुकानदाराने दुसऱ्या कंपनीची कॅप्सूल पुढे केली, तर विचारल्याशिवाय घ्यायची नाही.

गोळ्या चुकवणारे सगळे निष्काळजी नसतात. पगाराच्या आधी गोळ्यांचं पाकीट संपतं, आणि सांगायला लाज वाटते. ते डॉक्टरांना किंवा प्रत्यारोपण समन्वयकाला त्याच दिवशी सांगा. मदतीची वाट कदाचित त्यांना माहीत असेल. उलटी झाली, डोस राहिला, तरीही फोन करा; पुढच्या वेळी मनानेच दोन गोळ्या एकदम घेऊ नका.