ग्राफिक्स कार्डाचा प्लग का वितळतो?

ग्राफिक्स कार्ड म्हणजे संगणकाच्या पडद्यावरचं चित्र तयार करणारा भाग. जानेवारी २०२५ मध्ये आलेलं एनव्हिडिया कंपनीचं आरटीएक्स ५०९० हे कार्ड पूर्ण ताकदीने चालताना ५७५ वॅट वीज घेतं. साधी १००० वॅटची इस्त्री याच्या जवळपास दुप्पट वीज घेते, तरी तिचा प्लग वितळत नाही. इस्त्रीला वीज मिळते २३० व्होल्टवर, म्हणजे तिच्या वायरीतून साडेचार अँपिअर प्रवाहसुद्धा वाहत नाही. कार्डाला मिळते १२ व्होल्टवर. ५७५ ला १२ ने भागा, उत्तर येतं ४८ अँपिअर. आणि हा जवळपास सगळा प्रवाह बोटाच्या पेराएवढ्या प्लगमधून जातो. ग्राफिक्स कार्डाच्या विजेबद्दल बोलताना आपण वॅट मोजत बसतो, पण खरी गोम अँपिअरमध्ये आहे.

मदरबोर्डवरचा, म्हणजे संगणकाच्या मुख्य पाटीवरचा, कार्ड बसवायचा स्लॉट स्वतः कार्डाला ७५ वॅटपर्यंतच देऊ शकतो. त्यापुढची वीज संगणकाला वीज पुरवणाऱ्या पॉवर सप्लायकडून वेगळ्या केबलने येते. जुनी सहा पिनांची केबल ७५ वॅटची, आठ पिनांची १५० वॅटची. या आठ पिनांपैकी १२ व्होल्टच्या तीनच, त्यामुळे प्रत्येकीच्या वाट्याला चार अँपिअरच्या आसपास प्रवाह येतो. ती पिन याच्या जवळजवळ दुप्पट प्रवाह सहज सोसते. एखादी पिन नीट बसली नाही, तरी बाकीच्या दोघी निभावून नेत.

२०२२ मध्ये आलेल्या सोळा पिनांच्या नव्या कनेक्टरने ही मोकळीक जवळपास संपवली. याच्या बारा पिना विजेच्या, चार छोट्या पिना संदेशाच्या. बारापैकी सहा १२ व्होल्टच्या, सहा परतीच्या. ६०० वॅटला प्रत्येक पिनेतून ८.३ अँपिअर जातात आणि पिनेची मर्यादा आहे साधारण साडेनऊ. पिनांमधलं अंतरही ४.२ मिलिमीटरवरून ३ वर आलं. जागा वाचली, केबलींचा गुंता कमी झाला, पण चुकीला वाव उरला नाही. मला हा सौदा महागात पडलेला वाटतो.

उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पिन आणि तिचं घर जिथे टेकतात तिथला रोध, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा, सहा मिलिओहम धरू. ८.३ अँपिअरला तिथे जेमतेम ०.४ वॅट उष्णता निर्माण होते. तोच प्रवाह २० अँपिअर झाला, तर २.४ वॅट. एवढ्याशा धातूच्या टोकाला आणि त्याभोवतीच्या प्लॅस्टिकला ते झेपत नाही. पण एका पिनेत २० अँपिअर येतील कुठून? सहाही पिना समांतर जोडलेल्या आहेत. काही पिना सैल बसल्या की त्यांचा रोध वाढतो, त्यांतून प्रवाह कमी जातो आणि उरलेला भार घट्ट बसलेल्या पिनांवर येतो. म्हणजे जळते ती बहुधा चांगली बसलेली पिन! एनव्हिडियाच्याच आधीच्या आरटीएक्स ३०९० टीआय या कार्डात १२ व्होल्टच्या पिना तीन गटांत विभागून प्रत्येक गटाचा प्रवाह वेगळा सांभाळला जात होता. त्यानंतरच्या आरटीएक्स ४०९० मध्ये त्या सगळ्या कार्डावर एकत्र जोडल्या गेल्या. मग कुठल्या पिनेतून किती प्रवाह जातोय, हे कार्डाला कळणारच नाही.

ऑक्टोबर २०२२ मध्ये ४०९० बाजारात आल्यावर काही आठवड्यांतच वितळलेल्या प्लगांचे फोटो दिसू लागले. प्लग पूर्ण आत ढकलला नव्हता, असं कारण एनव्हिडियाने दिलं. पुढच्या वर्षी कनेक्टर सुधारला. संदेशाच्या पिना आखूड केल्या, विजेच्या किंचित लांब. आता प्लग अर्धवट बसला, तर संदेशाच्या पिना टेकत नाहीत आणि कार्डाला वीज ओढायची परवानगीच मिळत नाही. चांगली सुधारणा आहे, पण पूर्ण बसलेल्या प्लगमध्ये भार असमान वाटला गेला, तर तिचा उपयोग नाही.

खरा उपाय विजेचा दाब, म्हणजे व्होल्ट, वाढवण्यात आहे. १२ ऐवजी ४८ व्होल्ट दिले, तर तेवढ्याच विजेसाठी प्रवाह चौथा हिस्सा होईल आणि जोडावरची उष्णता सोळावा हिस्सा. मोठ्या सर्व्हरमध्ये हे आधीच चालतं. घरच्या संगणकात त्यासाठी पॉवर सप्लायपासून कार्डापर्यंत सगळंच बदलावं लागेल.

पॉवर सप्लाय निवडताना क्षणिक झटक्यांचाही विचार हवा. कार्ड सेकंदाच्या दहा हजाराव्या भागापुरती नेहमीच्या दुप्पट-तिप्पट वीज ओढू शकतं. जुने सप्लाय अशा वेळी घाबरून संगणक बंद करत. म्हणूनच पॉवर सप्लायसाठीच्या २०२२ च्या एटीएक्स ३.० मानकाने असे झटके पेलण्याची अट घातली. ५०९० साठी एनव्हिडिया १००० वॅटचा सप्लाय सुचवते.

जोडताना प्लग आणि कार्ड यांत फट दिसता कामा नये. प्लगपासून साडेतीन सेंटिमीटरपर्यंत केबल वाकवू नका. आणि एका सप्लायची सुटी केबल दुसऱ्या सप्लायला कधीच लावू नका. कार्डाकडचं टोक सगळीकडे सारखं असतं, सप्लायकडच्या टोकाला पिनांचा क्रम प्रत्येक कंपनी आपल्या मनाने ठरवते. केबल बिनबोभाट बसते आणि १२ व्होल्ट भलत्याच पिनेत जातात.