रस्ता मंजूर झाला म्हणजे जागा पिवळी झाली असं नाही

माझ्या मावसभावानं काटोलकडच्या एका वावरातल्या प्लॉटसाठी इसार दिला. दलालानं सांगितलं होतं, "जिल्हा नियोजनातून रोड मंजूर झालाय, आता इथं ले-आउट पडणारच." रोड खरंच मंजूर होता. पण नगररचना कार्यालयातून झोन दाखला, म्हणजे जागा कोणत्या वापराच्या विभागात येते याचा दाखला, काढला, तर जागा शेती विभागात. म्हणजे नकाशावर हिरवी; वस्तीची जागा पिवळी असते.

घोळ 'नियोजन' या शब्दातच आहे. जिल्हा नियोजन समिती वर्षाचा पैसा वाटते. पालकमंत्री तिचे अध्यक्ष असतात, जिल्हाधिकारी सदस्य सचिव. गावचा ग्रामीण मार्ग, अंगणवाडीची खोली, दहनभूमीचं शेड, बंधारा, यांचा निधी तिथून येतो. त्यासाठी ग्रामपंचायतीचा ठराव हवा आणि पाठपुरावाही हवा. मार्च आला की वर्ष संपलं.

दुसरं नियोजन म्हणजे प्रादेशिक योजना. तिच्यात पैशाचा हिशोब नसतो, तिथं नकाशा असतो. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 खाली ती तयार होते: कुठं वस्ती, कुठं उद्योग, कुठं शेती नि जंगल, पुढचे मोठे रस्ते कुठून. मसुदा प्रसिद्ध झाला की लोकांच्या हरकती मागवतात. आमच्या गावात त्या नोटिशीकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. धुऱ्याच्या एका हातासाठी भावाभावांत वर्षानुवर्षं खटले चालतात, आणि अख्ख्या शिवाराचा रंग ठरतो तेव्हा कुणी अर्ज करत नाही. एकदा नकाशा मंजूर झाला की तो सहजासहजी बदलत नाही म्हणा.

दोन्ही नियोजनं एकमेकांना बांधलेली नाहीत. नकाशावर रस्त्याची रेघ असली म्हणून त्याला पैसा मिळत नाही. डांबर पडलं म्हणून हिरवी जागा पिवळी होत नाही. गावठाणाला लागून 200 मीटरपर्यंत घरासाठी बिगरशेती वापराची वेगळी सवलत महसूल कायद्यात आहे, पण तीही मोजून घ्यावी लागते. तोंडी अंतरावर विश्वास ठेवू नये.

तर प्लॉट घेताना सातबारासोबत गट नंबर टाकून झोन दाखला आणि भाग नकाशा, म्हणजे योजनेच्या नकाशाचा तेवढा तुकडा, मागा. नागपूरभोवतीच्या महानगर प्रदेशातल्या गावांत त्यासाठी महानगर प्रदेश विकास प्राधिकरणात जायचं, बाकी ठिकाणी जिल्ह्याच्या नगररचना कार्यालयात. इसार त्यानंतर.