कन्सोलचा गेम फोनवर: रूट तेव्हा कशाला लागायचं, आता कशाला लागतं

सोनीच्या पीएस४ कन्सोलवरचा गेम अँड्रॉइड फोनवर खेळायचा तर फोन आधी रूट करावा लागतो, म्हणजे त्याच्या सिस्टिमवर पूर्ण ताबा मिळवावा लागतो, हा समज २०१४ सालचा आहे. तेव्हा त्यात तथ्य होतं. पण चित्र फोनपर्यंत आणण्यात रूटचा हात कधीच नव्हता. कन्सोल प्रत्येक फ्रेमचा व्हिडिओ करून पाठवतो, फोन तो उलगडून दाखवतो आणि बटणांची माहिती परत पाठवतो. एवढ्याला साधा फोन पुरतो. अडचणी दोन होत्या, फोनच्या मॉडेलवरची बंदी आणि कंट्रोलरची चुकीची बटणं, आणि रूट लागायचं ते बटणांसाठी. या दोन्ही अडचणी आता जवळजवळ संपल्या आहेत, तरी जुने सल्ले अजून फिरतात आणि लोक विनाकारण बूटलोडर, म्हणजे फोन सुरू करणारा आणि रूटला आडवा येणारा प्रोग्राम, उघडून बसतात.

मूळ कल्पना आणखी जुनी आहे. २००६मध्ये पीएस३ आला तेव्हाच त्याचं चित्र पीएसपी या हातात धरायच्या कन्सोलच्या ४८०×२७२ पिक्सेलच्या पडद्यावर पाहता येत होतं. मात्र प्रत्येक गेममध्ये त्याची सोय वेगळी करावी लागायची, म्हणून मोजकेच गेम चालायचे. सोनीने जुलै २०१२मध्ये गायकाय ही क्लाउड गेमिंग कंपनी ३८ कोटी डॉलरना घेतली. पुढच्या वर्षी आलेल्या पीएस४मध्ये व्हिडिओ एन्कोड करणारं वेगळं हार्डवेअरच होतं. गेमच्या वाट्याची ताकद न खाता चित्र बाहेर पाठवता येऊ लागलं आणि जवळपास सगळे गेम व्हिटा या हातातल्या कन्सोलवर चालू लागले.

फोनची पाळी सप्टेंबर २०१४मध्ये आली. बर्लिनच्या इफा प्रदर्शनात सोनीने एक्सपीरिया झेड३ मालिका दाखवली आणि पीएस४चा गेम फोनवर आणणारं रिमोट प्ले ॲप फक्त तिच्यासाठी ठेवलं. भारतात झेड३ची किंमत ५१,९९० रुपये होती, म्हणजे कन्सोलपेक्षाही फोन महाग. पणजीत असो वा डिचोलीत, पीएस४ घेतलेल्या माणसाने केवळ यासाठी दुसरा फोन घेणं शक्य नव्हतं. दुसऱ्या फोनांचं हार्डवेअर कमी पडत होतं असंही नाही. ॲप फक्त मॉडेल पाहून नकार द्यायचं. थोड्याच दिवसांत ती तपासणी काढून टाकलेलं ॲप बाहेर आलं आणि इतर कंपन्यांच्या फोनांवर चालू लागलं.

चित्र आलं, पण बटणं चुकत होती. ही भानगड नीट समजून घेण्यासारखी आहे. पीएस४चा कंट्रोलर, ड्युअलशॉक ४, ब्लूटूथने जोडला की तेव्हाचा अँड्रॉइड त्याला कुठलाही सर्वसाधारण गेमपॅड समजायचा. कंट्रोलर चौकोनाला ३०४, फुलीला ३०५, गोलाला ३०६ आणि त्रिकोणाला ३०७ हे क्रमांक पाठवतो. अँड्रॉइडचा ठरीव तक्ता ३०४ला ‘ए’ (फुलीच्या जागेचं बटण) मानतो, त्यामुळे फुलीचं काम चौकोन करायचा आणि एल१ दाबलं की ‘वाय’ उमटायचं. उपाय फोनची मूळ प्रणाली असलेल्या सिस्टिम विभाजनात, बटणांचे तक्ते ठेवायच्या ‘कीलेआउट’ फोल्डरात होता. तिथे व्हेंडर ०५४सी, प्रॉडक्ट ०५सी४ (कंपनीचा आणि कंट्रोलरचा क्रमांक) या नावाची फाइल ठेवायची (नंतरच्या सुधारित कंट्रोलरसाठी ०९सीसी), तिच्यात ३०४ला ‘एक्स’, ३०५ला ‘ए’, ३०६ला ‘बी’, ३०७ला ‘वाय’ लिहायचं, परवानगी ६४४ (सगळ्यांना वाचता येईल अशी) करायची आणि फोन रीस्टार्ट करायचा. परवानगी द्यायची राहिली तर फाइल वाचलीच जात नाही आणि चूक झाल्याचा कुठलाही संदेश येत नाही. सिस्टिम विभाजनात लिहायला रूटच हवं. रूटचं खरं काम हे होतं.

२०१६मध्ये मॅजिस्क हे रूट करण्याचं साधन आलं तेव्हा मूळ सिस्टिमला हात न लावता अशी फाइल वरून चढवता येऊ लागली. नव्या फोनांवर सिस्टिम विभाजन लिहिण्यासाठी उघडतच नाही, त्यामुळे जुन्या पद्धतीने फाइल कॉपी करायला गेलात तर फक्त ‘रीड-ओन्ली’ची तक्रार येते, मॅजिस्कचं मॉड्यूलच (वरून चढवायचं फाइलींचं गाठोडं) करावं लागतं.

मग २०१९ उजाडलं. सप्टेंबरमध्ये अँड्रॉइड १० आला आणि ड्युअलशॉक ४ची बटणं आपोआप जागेवर बसली. ऑक्टोबरमध्ये पीएस४च्या ७.०० फर्मवेअरबरोबर रिमोट प्ले अँड्रॉइड ५ आणि पुढच्या सगळ्या फोनांना खुलं झालं. त्याच वर्षी रिमोट प्लेचंच काम करणारं चिआकी हे मुक्त स्रोत ॲपही आलं. त्यात नोंदणी करताना बहुतेक जण एकाच ठिकाणी अडकतात: तिथे पीएसएनचं (सोनीच्या ऑनलाइन सेवेचं) वापरकर्तानाव चालत नाही, बेस६४ या सांकेतिक रूपात लिहिलेला अकाउंट आयडी लागतो, आणि कन्सोलवर दिसणारा आठ आकडी क्रमांक मुदत संपायच्या आत भरावा लागतो.

आज रूटचा उरलेला उपयोग म्हणजे वाय-फायची वीजबचत बंद करणं. टर्मक्स या आज्ञा लिहायच्या ॲपमधून ‘आयडब्ल्यू’ आज्ञेने ती बंद केली की काही फोनांवर मधूनच बसणारे झटके कमी होतात. पण अँड्रॉइड १०पासून ॲपलाच कमी विलंबाचा वाय-फाय मोड मागता येतो. उलट रूट केलेल्या फोनवर बँकेची आणि यूपीआयची ॲप अडून बसण्याची शक्यता मोठी. २०२२च्या जानेवारीत मॅजिस्कच्या २४व्या आवृत्तीतून रूट लपवणारं मॅजिस्कहाइड गेलं, त्यानंतर ही लपवाछपवी आणखी किचकट झाली. जुना, बाजूला पडलेला फोन असेल तर जरूर रूट करा. रोजचा फोन या कामासाठी करू नये.

गोव्यात अडचण येते ती घराच्या रचनेमुळे. चवथीला हॉलमध्ये पाहुणे, टीव्हीवर आरत्या, आणि खेळणारा माजघरात. मधे चिऱ्याच्या जाड भिंती. पाच गिगाहर्ट्झचा सिग्नल अशा दोन भिंतींत दमतो. २.४ गिगाहर्ट्झवर उतरलं तर ब्लूटूथ कंट्रोलर त्याच पट्ट्यात असल्यामुळे बटणं उशिरा लागतात. कन्सोल राउटरला केबलनेच जोडा आणि आतल्या खोलीत केबल ओढून दुसरा ॲक्सेस पॉइंट बसवा. बिनतारी रिपीटरने विलंब वाढतो. चिआकीत ५४०पीला ६, ७२०पीला १० आणि १०८०पीला १५ एमबीपीएस धरलेले असतात. साध्या पीएस४वर ७२०पीच्या वर जाता येत नाही, १०८०पीला प्रो लागतो. ६० फ्रेमला प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला १६.७ मिलिसेकंद येतात, म्हणून वेगापेक्षा एकसारखेपणा महत्त्वाचा.

घराबाहेरून खेळायचं तर घरच्या जोडणीचा अपलोड वेग मोजा. राउटरच्या वॅन (इंटरनेटच्या बाजूच्या) पत्त्याची सुरुवात १००.६४ ते १००.१२७ यांमध्ये असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे इंटरनेट कंपनी एकच बाहेरचा पत्ता अनेक घरांत वाटते. मग चिआकीसाठी ९२९५ टीसीपी आणि ९२९६, ९२९७ यूडीपी हे पोर्ट उघडून काही होणार नाही. टेलस्केलसारखी व्हीपीएन (घरच्या नेटवर्कपर्यंतचा खाजगी बोगदा) लागेल, आणि घरात सतत चालू असणारा एखादा छोटा संगणक तिच्यात जोडावा लागेल. कन्सोल शोधण्याचा संदेश त्या बोगद्यातून जात नाही, म्हणून त्याचा आयपी हाताने भरायचा. पीएस४ रेस्ट मोडमध्ये (अर्धवट झोपेत) ठेवून ‘नेटवर्कवरून चालू करणे’ सुरू करायचं. पावसात वीज गेली तर मात्र कन्सोल रेस्ट मोडमधून पूर्ण बंद होतो आणि वीज परत आल्यावर आपणहून त्या स्थितीत जात नाही, त्यामुळे उठवण्याचा संदेश पोचूनही काही घडत नाही. इन्व्हर्टरवर किंवा यूपीएसवर राउटरच्या जोडीला कन्सोलही घ्या.