बौद्धाचार्य वेगळे, बौद्ध चॅप्लिन वेगळा

मिरजेच्या एखाद्या दवाखान्यात पांढऱ्या कपड्यांतले बौद्धाचार्य वॉर्डात शिरले, की शेजारच्या खाटेवरून हळूच प्रश्न येतो, "गेले का हो?" विचारणाऱ्याचा दोष नाही. लग्न, नामकरण, गृहप्रवेश, नाहीतर अंत्यविधी आणि पुण्यानुमोदन, एवढ्यालाच आपण त्यांना बोलावतो. त्यामुळे परदेशात दवाखान्यांतून 'बौद्ध चॅप्लिन', म्हणजे रुग्णाजवळ बसून त्याचं ऐकणारा, त्याला मनाचा आधार देणारा माणूस, नेमतात असं कळलं, की इकडे लगेच म्हणतात, "म्हणजे आपले बौद्धाचार्यच की." तसं नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५५ साली भारतीय बौद्ध महासभा स्थापन केली. तिच्या शिबिरांतून बौद्धाचार्य तयार होतात. त्रिशरण-पंचशील, पाली गाथांचे उच्चार, विधींचा क्रम, धम्माची मांडणी हे तिथं घोटून घेतात. जतला काय नि पलूसला काय, लग्न एकाच पद्धतीनं लागावं, हा त्यामागचा हेतू. जुने विधी सोडलेल्या समाजाला स्वतःचे विधी हवेच होते, त्यामुळे हे काम लहान समजू नये. बहुतेक जण आपली नोकरी-शेती सांभाळून ते करतात.

चॅप्लिन हा दवाखान्याच्या, तुरुंगाच्या किंवा सैन्याच्या यंत्रणेतला माणूस. त्याच्या वाट्याला येणारा रुग्ण बौद्ध असेलच असं नाही. मुसलमान असेल, ख्रिश्चन असेल, काहीच न मानणाराही असेल. कुणाला धम्माकडे वळवायचं नाही, ही पहिली अट. ब्रिटनच्या तुरुंगांत १९८५ पासून बौद्ध चॅप्लिन पुरवणाऱ्या संस्थेचं नाव 'अंगुलिमाल' आहे. बुद्ध भेटल्यावर बदललेल्या दरोडेखोराचं हे नाव; याहून जास्त सांगायला नको.

खरा फरक शिकवण्यात आहे. अमेरिकेत चॅप्लिनच्या प्रत्यक्ष शिक्षणाचं एक युनिट ४०० तासांचं असतं आणि व्यावसायिक प्रमाणपत्रासाठी साधारण अशी चार लागतात. सूत्रं, ध्यान, नीतिशास्त्र यांचा अभ्यास वेगळाच. विद्यार्थी रुग्णाला भेटून येतो आणि झालेलं बोलणं आठवून जसंच्या तसं लिहितो: ते काय म्हणाले, मी काय म्हणालो, मध्ये कुठं गप्प राहिलो. मग तो कागद मार्गदर्शकासमोर आणि बरोबरीच्या विद्यार्थ्यांसमोर वाचला जातो. समजा, रुग्णानं विचारलं, "माझं आता काय खरं नाही, न्हवं?" आणि विद्यार्थी म्हणाला, "सगळंच अनित्य आहे, धीर धरा." धम्माच्या परीक्षेत या उत्तराला गुण मिळतील. इथं मात्र मार्गदर्शक विचारतो, "हे त्यांच्यासाठी बोललात, की तुम्हाला तिथं बसवेना म्हणून?" माझ्या मते सगळ्या प्रशिक्षणाचा जीव या एका प्रश्नात आहे. पाठांतर कितीही पक्कं असलं तरी त्याचं उत्तर देता येत नाही.

जपानात २०११ च्या त्सुनामीनंतर पुढच्याच वर्षी तोहोकू विद्यापीठानं निरनिराळ्या धर्मांच्या पुरोहितांसाठी असं शिक्षण सुरू केलं. मुळात विधी येणाऱ्यांनाच तिथं ऐकायला शिकवलं. आपल्याला अमेरिकेपेक्षा हाच रस्ता जवळचा वाटतो.

आणि ही कल्पना काही बाहेरून आणलेली नाही. विनयपिटक या भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथातल्या महावग्ग या भागात, स्वतःच्या मलमूत्रात पडलेल्या आजारी भिक्खूला बुद्ध आणि आनंद धुऊन काढतात, ती कथा आहे. चांगल्या शुश्रूषकाचे पाच गुण तिथंच येतात: औषध देता येणं, पथ्य कळणं, लोभानं नव्हे तर मैत्रीनं सेवा करणं, घाणीची किळस न वाटणं आणि वेळ पाहून धम्मानं उभारी देणं. धम्म सांगणं त्यात आहे, पण पाचव्या क्रमांकावर.

आपल्या सरकारी दवाखान्यात चॅप्लिन हे पद नसतं. कागदपत्रं, योजना, पैशाची अडचण यासाठी समाजसेवा अधीक्षकांना भेटावं. परित्राणपाठ (रक्षणासाठी म्हणायची पाली सूत्रं) हवा असेल तर बौद्धाचार्यांना बोलवावं, मात्र आधी वॉर्डच्या सिस्टरना विचारावं आणि ऑक्सिजन चालू असलेल्या खाटेजवळ मेणबत्ती लावू नये. शेजारच्या खाटेवरच्यांनाही सांगून ठेवावं, की पेशंट बरा आहे, नुसती वंदना आहे.