रामदरबाराचं ‘कंपनीचं नाणं’ : खुलासा

फिरता दावा असा: 1818 साली ईस्ट इंडिया कंपनीने राम-सीता-हनुमानाची छाप असलेलं तांब्याचं दोन आण्यांचं नाणं काढलं, ते घरात असलं की बरकत येते आणि बाजारात त्याला लाखो रुपये मिळतात.

छापील साल आणि कंपनीचं नाव पाहून कुणालाही ते खरं वाटेल. पण 1818 मध्ये कंपनीची देशभर एकसारखी नाणी नव्हतीच. बंगाल, मद्रास, मुंबई इलाख्यांच्या टांकसाळी वेगळ्या, नाणी वेगळी. एकसारखी नाणी 1835 पासून आली. कंपनीच्या त्या एकसारख्या नाण्यांत दोन आणे आले 1841 मध्ये, तेही चांदीचे, नखाएवढे, राणीच्या छापाचे. एक आण्याचंही असंच तांब्याचं नाणं दाखवतात. सरकारी एक आणा आला 1907 मध्ये, नागमोडी कडेचा, निकेलमिश्रित.

मग हे काय? देवघरात ठेवायचा टाक. तीर्थक्षेत्री असे रामटंके, म्हणजे रामाची छाप असलेले नाण्यासारखे टाक, पूर्वीपासून विकले जातात. जुने, चांदीचे, सुबक घडणीचे संग्राहक आवडीने जमवतातही. कंपनीचं नाव घातलेले मात्र बहुतेक अलीकडचे. नाण्यांच्या कोणत्याही छापील सूचीत 1818 ची कंपनीची नाणी काढून बघा, हे त्यात सापडणार नाही.

असं नाणं विकताना काही जण ते चुंबकासारखं ‘तांदूळ ओढतं’ असंही सांगतात. तसं म्हणणारा भेटला तर तांदूळ आपल्या डब्यातले द्या. त्याच्या तांदळाला लोहचूर्ण लावलेलं असतं. शिवाय नाण्याला लोखंडी टाचणी चिकटली, तर आत चुंबक आहे. तांबं टाचणी ओढत नाही.

श्रद्धेने ठेवलेला टाक खुशाल ठेवा. कंपनीचं नाव घातलेल्या टाकाची किंमत मात्र धातूच्या वजनाने धरा.